जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का? सांगली-मिरजेकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्केट यार्डातलं अडत दुकान असो, तासगावचं ई-सेवा केंद्र असो की विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप दुरुस्तीला आला की सोबत एक प्रश्न हमखास येतो: "याचा प्रोसेसर बदलून मिळेल का?" मिळतो. पण तो बदलावा का, हे आधी बघायला हवं. जुन्या मशीनवर चुकीच्या जागी घातलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. सुट्या भागांचे भाव महिन्याला बदलतात, त्यामुळे रुपयांचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय. नवा प्रोसेसर टाकला की फास्ट होईल ना?

बहुतेक वेळा नाही. खरी अडचण कुठे आहे ते तुमचं मशीनच दाखवतं. ते अडकल्यासारखं वाटेल तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन तीन आकडे वाचा: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क.

डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू १५-२० टक्क्यांवर दिसला, तर प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट बघतोय. जुन्या मशीनमध्ये हेच चित्र सर्वांत जास्त दिसतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला प्रत्येक फाइलसाठी हेड इकडून तिकडे हलवावं लागतं, त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून ती सेकंदाला साधारण शंभरेक वेळाच वाचू शकते. साधी साटा एसएसडीसुद्धा (फिरते भाग नसलेली, साटा केबलने जोडायची डिस्क) हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. विंडोज मागच्या बाजूला अपडेट उतरवत असतं, अँटिव्हायरस फाइली तपासत असतो आणि तुम्ही त्याच वेळी पीडीएफ उघडता. ही सगळी गर्दी डिस्कवर होते. अशा मशीनमध्ये इंटेलचा आय३ प्रोसेसर काढून वरचा आय७ टाकला तरी सकाळी चालू व्हायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहील.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. आजच्या ब्राउझरला ४ जीबीत धड श्वास घेता येत नाही. ८ जीबी कामापुरती आणि १६ असेल तर उत्तम.

डिस्क शांत आहे, मेमरी शिल्लक आहे आणि तुमचं नेहमीचं काम करताना सीपीयू बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून राहतो, असं असेल तरच प्रोसेसरचा विषय काढण्यात अर्थ आहे.

सीपीयू खरंच १०० टक्क्यांवर असतो. मग तरी प्रोसेसर बदलावाच लागेल ना?

थांबा, आधी कॅबिनेट उघडून बघा. हळदीच्या पेठेतली मशीन उघडली की कूलरचा पंखा काढल्यावर खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये पिवळसर धुळीचा नमदा बसलेला असतो. पंखा जोरात फिरतो, आवाजही करतो, पण वारा पात्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यातच प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट आठ-दहा वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग खाली आणतो. ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दीडवर चालत असेल तर तो स्लो वाटणारच.

हे तपासायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांपैकी कुठलाही मोफत प्रोग्रॅम चालेल. मशीन मोकळं असताना ३५ ते ४५ अंश, भरपूर काम असताना ६० ते ७५ अंश, एवढं ठीक. ९० च्या वर जात असेल तर कूलर उतरवून धूळ साफ करा, जुनी पेस्ट पुसा आणि नवी लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो वाऱ्याने गरगरू देऊ नका. एवढ्यावर अनेक मशीन ताळ्यावर येतात.

याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू नेमकं कोण खातंय तेही बघा. क्रॅक करून टाकलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला एखादा छुपा प्रोग्रॅम प्रोसेसर खात बसलेला असेल, तर नवा प्रोसेसरही तो खाईल.

माझ्या मशीनमध्ये कोणता प्रोसेसर आणि कोणता बोर्ड आहे ते कसं कळेल?

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसची (मशीन चालू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती तिथे एकाच पानावर मिळते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि चिपसेटही (बोर्डावरची मुख्य चिप) दाखवतो. बोर्ड गिगाबाइटचा असेल तर कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबरही टिपून ठेवा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे प्रोसेसर चालतात. दुकानात जाताना या सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. "आय३ आहे" एवढं सांगून काहीच ठरत नाही. २०१० पासून इंटेलने त्या नावाखाली एकामागून एक पिढ्या काढल्या.

माझ्या बोर्डात कोणता प्रोसेसर बसेल?

सॉकेट जुळलं म्हणजे झालं, असा सर्वसाधारण समज आहे. सॉकेट, चिपसेट आणि बायोस ही तिन्ही जुळावी लागतात. आपल्याकडे जे बोर्ड नेहमी बघायला मिळतात त्यांचं असं आहे.

एलजीए ७७५ (एलजीएने सुरू होणारी नावं इंटेलच्या सॉकेटची), म्हणजे कोअर टू ड्युओचा जमाना, जी३१ आणि जी४१ चे बोर्ड. यावर आता प्रोसेसरसाठी एक रुपयाही घालू नका. त्यात क्वाड कोअर, म्हणजे चार कोअरचा प्रोसेसर बसतो, पण जी३१ ला ४ जीबी आणि जी४१ ला ८ जीबीच्या पुढे रॅम चालत नाही. शिवाय त्या प्रोसेसरांमध्ये पॉपकाउंट हा प्रोसेसरला कळणारा हुकूमच नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यापुढची आवृत्ती त्यांवर सुरूच होत नाही.

एलजीए ११५५ हा सर्वांत जास्त दिसणारा. २०११ ची दुसरी पिढी आणि २०१२ ची तिसरी पिढी यात येते. आपल्याकडे बहुतांश बोर्ड एच६१ चिपसेटचे. पेंटियम जी२०३० किंवा आय३-२१२० असेल तर आय५-३४७० किंवा आय७-३७७० पर्यंत जाता येतं. या बोर्डावर जास्तीत जास्त १६ जीबी रॅम चालते आणि साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटवर थांबतो. त्या वेगावर एसएसडी पूर्ण धावत नाही, तरी हार्ड डिस्कच्या कितीतरी पुढे असते. एलजीए ११५६ हा याच्या आधीचा, एच५५ बोर्डाचा सॉकेट. आकड्यात एकाचाच फरक असला तरी एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

एलजीए ११५० म्हणजे चौथी पिढी, २०१३ पासूनची, एच८१ आणि बी८५ चे बोर्ड. आय३-४१३० वरून आय५-४५९० किंवा आय७-४७९० वर जाता येतं.

एलजीए ११५१ वर लोक सर्वांत जास्त फसतात. सहावी आणि सातवी पिढी एच११०, बी१५०, बी२५० अशा बोर्डांवर चालते. आठवी आणि नववी पिढी एच३१०, बी३६० अशा ३०० मालिकेच्या बोर्डांवर. दोन्हींचा सॉकेट नावाने एकच, खाचासुद्धा जुळतात, प्रोसेसर व्यवस्थित बसतो, झाकण लागतं आणि स्क्रीन काळीच राहते. एच११० वर आय५-८४०० चालत नाही. "बायोस टाकून देतो" असं कुणी म्हणालं तर आधी चालू करून दाखवायला सांगा, मग पैसे द्या.

एलजीए १२०० मध्ये दहावी आणि अकरावी पिढी. एच५१० वर दोन्ही चालतात, पण एच४१० घेतलेल्यांनी दहाव्या पिढीतच राहावं. एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी एकाच सॉकेटवर चालते, त्यामुळे एच६१० आणि आय३-१२१०० असणाऱ्यांना पुढे वाव आहे.

एएमडी कंपनीचा एएम४ सॉकेट मात्र वेगळाच. २०१७ मध्ये रायझेन आला तेव्हाच्या बी३५० आणि ए३२० बोर्डांवरही ५००० मालिका चालवायची मुभा एएमडीने २०२२ मध्ये दिली. रायझेन ५ १६०० घेऊन बसलेल्या माणसाला योग्य बायोस टाकून त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवता येतो, आणि तो फरक पहिल्या दिवसापासून जाणवतो. जुन्या मशीनचा प्रोसेसर बदलून खरोखर समाधान मिळावं अशी जागा विचाराल तर मी एएम४ चं नाव घेईन. एक लक्षात ठेवा, ५६०० मध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) नसतं, ५६००जी मध्ये असतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर जी वालाच घ्यावा लागेल.

बायोस अपडेट करावाच लागतो का? त्याची भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण ती योग्य ठिकाणी असू द्या. बायोस अपडेट होत असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. म्हणून हे काम यूपीएसवर करा, आणि त्याची बॅटरी नुसती नावाला नाही याची आधी खात्री करा. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग दाटून आले की हे काम हातात घेऊच नका.

पद्धत अशी. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर सपोर्ट असलेल्या प्रोसेसरांची यादी असते. तुम्हाला हवा असलेला प्रोसेसर त्यात आहे का आणि त्यासमोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे, ते बघा. तुमची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच अपडेट करा. आधी नवा प्रोसेसर बसवलात तर मशीन चालूच होणार नाही आणि अपडेट करायला परत जुना टाकावा लागेल. सुरुवातीच्या एच६१ बोर्डांना तिसऱ्या पिढीसाठी आणि सुरुवातीच्या एच८१ बोर्डांना आय७-४७९० सारख्या नंतरच्या मॉडेलांसाठी हे लागतंच. एएम४ च्या काही बोर्डांवर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती टाकावी लागते. ते त्याच पानावर लिहिलेलं असतं, वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शक्य असेल तर पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन बायोसच्या आतूनच अपडेट करा. विंडोज चालू असताना अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमांवर माझा भरवसा नाही.

आमचा कॉम्प्युटर डेल, एचपी किंवा लेनोवोचा आहे. त्याला हेच लागू का?

सॉकेटचं गणित तेच, पण मोकळीक कमी. या कंपन्या बायोसमध्ये मोजकेच प्रोसेसर ठेवतात, साधारणपणे त्याच मॉडेलमध्ये त्या स्वतः विकत होत्या तेवढेच. त्यामुळे तुमच्याच मॉडेलची वरची आवृत्ती कोणत्या प्रोसेसरसह विकली जात होती ते शोधा, आणि तोच घ्या. डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० आय७-४७७० किंवा ४७९० घालून विकला जायचा, म्हणजे तिथे प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे यांचे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्डचे कनेक्टर अनेकदा वेगळे असतात. बाजारातला २४ पिनचा एसएमपीएस थेट लागत नाही. अगदी छोट्या चपट्या मॉडेलमध्ये नावाच्या शेवटी टी अक्षर असलेले ३५ वॉटचे प्रोसेसर असतात, तिथे ८४ वॉटचा आय७ घुसवू नका.

आय३ वरून आय७ वर गेलं की नेमका किती फरक पडेल?

कामावर आहे. आय३-२१२० मध्ये दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं), आय५-३४७० मध्ये चार कोअर, आय७-३७७० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड. म्हणजे एकाच वेळी अनेक हात लागणाऱ्या कामात फरक मोठा: व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं, फ्लेक्सच्या मोठ्या फाइली प्रिंटरसाठी तयार करणं, प्रोग्रॅम कंपाइल करणं, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून शेजारी स्कॅनिंग चालवणं. पण एकच काम एकाच कोअरवर चालत असेल तर त्याच पिढीत वर गेल्याने हाती थोडंच लागतं.

टॅलीवाल्यांचं उदाहरण घ्या. रिपोर्ट उघडायला वेळ लागतो म्हणून प्रोसेसर बदलायची गोष्ट निघते, आणि बघायला गेलं तर कंपनीचा डेटा दुसऱ्या मशीनच्या हार्ड डिस्कवर असतो, मधे जुनाट नेटवर्क स्विच आणि उंदराने कुरतडलेली केबल. तिथे डेटा असलेल्या मशीनला एसएसडी आणि नवी केबल, एवढंच लागतं.

गिगाहर्ट्झवरून तुलना करू नका. पेंटियम जी२०३० सुद्धा ३ गिगाहर्ट्झचा आहे आणि आय३-१२१०० चा बेस वेग ३.३. पण नव्या पिढीचा कोअर एका ठोक्यात कितीतरी जास्त काम उरकतो.

आणखी एक मर्यादा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत एव्हीएक्स-टू (प्रोसेसरला कळणाऱ्या हुकुमांचा एक संच) नाही, ते चौथ्या पिढीपासून आलं. व्हिडिओ एडिटिंगची काही नवी सॉफ्टवेअर ते मागतात, आणि नसेल तर उघडतच नाहीत. घेण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरची गरज तपासा.

प्रोसेसर बदलून विंडोज ११ चालेल का?

एलजीए ११५५ आणि ११५० वर अधिकृतपणे नाही, कितीही वरचा प्रोसेसर टाकला तरी. मायक्रोसॉफ्टची अट टीपीएम २.० (बोर्डातली किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) ची आणि इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढची आहे. एएमडीकडे साधारणपणे रायझेन २००० मालिकेपासून. म्हणूनच एएम४ वर प्रोसेसर बदलून विंडोज ११ चा रस्ता मोकळा होतो, एच६१ वर होत नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या अपडेटची सोय दिली आहे, ती घ्या. अट टाळून विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. घरातल्या सिनेमा-गाण्यांच्या मशीनवर ते चालून जाईल, पण जिथे बँकेचे व्यवहार, जीएसटी आणि लोकांचे आधार कार्ड हाताळले जातात तिथे मी ते करू नका असंच सांगतो. अपडेट कधी थांबतील याची हमी नसते.

फक्त इंटरनेट, यूट्यूब आणि लिखाण एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका. जुन्या आय३ आणि एसएसडीवर ते छान चालतं. ई-सेवा केंद्र किंवा टॅलीच्या मशीनला मात्र विंडोज लागणारच.

एसएमपीएस आणि कूलर तोच चालेल का?

प्रत्येक प्रोसेसरचे वॉट कंपनीच्या साइटवर दिलेले असतात, ते बघा. आय३-२१२० हा ६५ वॉटचा, आय५-३४७० आणि आय७-३७७० हे ७७ वॉटचे, तर आय५-२४०० आणि आय७-२६०० हे ९५ वॉटचे. म्हणून ११५५ वर दुसऱ्या पिढीच्या आय७ पेक्षा तिसऱ्या पिढीचा घ्या, कमी तापतो आणि वेगही जास्त. आय३ बरोबर आलेला बारीक कूलर आय७ ला कमी पडतो. मधे तांब्याचा गोल असलेला जरा जाड कूलर मिळतो, तो लावा.

एसएमपीएस लोकल असेल आणि त्यावर ४५० वॉट लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका. वजनाला हलका आणि पंख्यातून करपट वास येणारा असेल तर प्रोसेसरआधी तो बदला. दुकानात अर्थिंग धड नसेल, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर त्याहीआधी वायरमनला बोलवा.

सेकंडहँड प्रोसेसर घ्यावा का? कुठून?

दहा वर्षांपूर्वीच्या सॉकेटसाठी सेकंडहँडच मिळणार. प्रोसेसर हा कॉम्प्युटरमधला सहसा न बिघडणारा भाग आहे, त्यामुळे त्याला घाबरायचं कारण नाही. सांगली-मिरजेच्या दुकानांत, कोल्हापुरात, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची मुदत असलेलंच घ्या.

घेताना वरच्या धातूवरची अक्षरं वाचा. इंटेलवर मॉडेल नंबराबरोबर एसएल किंवा एसआर ने सुरू होणारा कोड असतो. क्यू ने सुरू होणारा कोड असेल तर तो चाचणीसाठी काढलेला नमुना, तो घेऊ नका. खालचे सोनेरी ठिपके स्वच्छ हवेत, कडेचे बारीक भाग उडालेले नकोत. एएमडीच्या एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, त्या आडव्या नजरेने रांगेत सरळ दिसतात का ते बघा. आणि शक्यतो दुकानातच तुमच्या बोर्डावर लावून, सीपीयू-झेडमध्ये नाव बघून मगच पैसे द्या.

बोर्ड जुना घेणार असाल तर जास्त जपा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याकडे असंख्य कॉम्प्युटर पाण्याखाली गेले. त्यातले बोर्ड धुऊन, वाळवून पुन्हा बाजारात आलेले असू शकतात. ते काही महिने चालतात आणि मग अधूनमधून हँग होऊ लागतात. रॅमच्या खाचेत आणि स्क्रूच्या भोकांभोवती निळसर-हिरवा गंज, यूएसबीच्या तोंडात गाळाची रेघ किंवा बॅटरीच्या खाली पांढरी बुरशी दिसली तर तो बोर्ड फुकट मिळाला तरी नको.

कुणी म्हणतं झिऑन टाका, स्वस्तात आय७ सारखा चालतो. खरं आहे का?

काही बाबतीत खरं आहे. झिऑन हे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर. ११५५ वर झिऑन ई३-१२३० व्ही२ हा चार कोअर आणि आठ थ्रेडचा आहे, पण त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर डिस्प्लेच येणार नाही. शिवाय तुमच्या बोर्डाच्या यादीत त्याचं नाव हवं. ग्राफिक्स कार्ड आधीपासून असेल तरच याचा विचार करा.

मी स्वतः बदलू शकतो का?

हो. घाई न करता अर्धा-पाऊण तास द्या. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या.

वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. अंगातली स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, उन्हाळ्यात कोरड्या हवेत हे विसरू नका. इंटेलचा साधा कूलर चार खुंट्यांवर बसतो. खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढल्या की सुटतो. एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत उचला.

इंटेलच्या सॉकेटमधल्या पिना केसाएवढ्या बारीक असतात. त्यांना बोट, कापड, फुंकर काहीही लागता कामा नये. प्रोसेसर कडांना धरा, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा आणि सरळ खाली ठेवा. तो आपल्या वजनाने बसला पाहिजे. दाबावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय, उचलून पुन्हा बघा. झाकण लावून दांडी खाली घेताना मात्र बराच जोर लागतो आणि करकर आवाजही येतो, त्याने घाबरू नका.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. बोटाने पसरायची गरज नाही. कूलरच्या खुंट्या तिरप्या जोडीने दाबा, म्हणजे एक कोपरा आणि मग त्याच्या समोरचा. चारही खुंट्या बोर्डाच्या मागून बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर तापतो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा.

चालू झाल्यावर प्रोसेसर बदलल्याचा संदेश येऊ शकतो, सांगितलेली कळ दाबून बायोसमध्ये जा आणि नाव व तापमान बघा.

बदलल्यावर डिस्प्लेच येत नाही. काय करू?

प्रोसेसरशेजारची चार किंवा आठ पिनांची पॉवरची वायर लावली का बघा, ती राहून जाते. रॅम काढून परत घट्ट बसवा, एकच पट्टी ठेवून बघा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, बायोसची जुनी सेटिंग पुसली जातील. तरीही नाही तर जुना प्रोसेसर परत टाका. तो चालला तर बायोसची आवृत्ती कमी पडतेय. तोही चालला नाही तर सॉकेटची एखादी पिन वाकली असणार, भिंगाखाली बघावं लागेल.

विंडोज आणि टॅलीचं लायसन्स जाईल का?

फक्त प्रोसेसर बदलल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन सहसा जात नाही, मदरबोर्ड बदलला की जातं. मशीनबरोबर आलेलं लायसन्स नव्या बोर्डावर चालत नाही. बोर्ड किंवा अख्खं मशीन बदलणार असाल तर टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करून घ्या, नंतर धावपळ होत नाही.

रायझेनवाल्यांनी आणखी एक जपावं. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधली, डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) एन्क्रिप्ट केलेली असेल तर प्रोसेसर बदलल्यावर टीपीएम रीसेट करू का असा प्रश्न बायोस विचारतो आणि पुढे विंडोज रिकव्हरी की मागतं. ती की आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून कागदावर उतरवून घ्या. नसेल तर डेटा परत मिळत नाही.

एवढा खर्च करण्यापेक्षा नवंच घ्यावं का?

माझा हिशेब असा. एसएसडी आणि रॅम यांवरचा खर्च ११५५ किंवा त्यानंतरच्या कुठल्याही मशीनवर करा. साटा एसएसडी पुढच्या मशीनमध्येही लावता येते, ते पैसे वाया जात नाहीत. प्रोसेसर, कूलर, एसएमपीएस अशी यादी वाढत जाऊन नव्या बोर्ड-प्रोसेसर-रॅमच्या निम्म्या किमतीला टेकू लागली की तिथे थांबा.

११५५ आणि ११५० च्या बोर्डांवरची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डावर चालत नाही हेही हिशेबात धरा. आणि मधला एक चांगला रस्ता आहे: कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले, आय५-८५०० सारख्या आठव्या पिढीचे रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे) डेस्कटॉप. सहा कोअर, विंडोज ११ ला अधिकृत मान्यता, आणि बिल व वॉरंटी देणारा विक्रेता मिळाला तर एच६१ वर आय७ चढवण्यापेक्षा ई-सेवा केंद्राला किंवा दुकानाला हेच परवडतं.

विद्यार्थ्यांना मात्र मी आधी सॉफ्टवेअर विचारतो. कोडिंग शिकायला चौथ्या पिढीचा आय५, १६ जीबी आणि एसएसडी पुरते. थ्रीडी डिझाइन करायचं असेल तर जुन्या बोर्डावर पैसे घालू नका.

गेमसाठी प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

आधी ग्राफिक्स कार्ड, पण एसएमपीएस बघून. दोन कोअरचा प्रोसेसर असेल तर कार्ड कितीही चांगलं असो, गेम अडखळेल.

काढलेल्या जुन्या प्रोसेसरचं काय करू?

महिनाभर तरी जपून ठेवा, बायोसमध्ये अडचण आली तर तोच लागतो. इंटेलचा असेल तर नव्याच्या डबीत, एएम४ चा असेल तर पिना फोममध्ये रोवून. रिकाम्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकणही टाकू नका, बोर्ड वॉरंटीला किंवा विकायला द्यायचा झाल्यास ते मागतात. नंतर विकायचा नसेल तर भंगारवाल्याकडे देऊ नका. तिथे सोन्यासाठी हे भाग आम्लात टाकतात आणि ते पाणी गटारीतून कृष्णेत जातं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. दुकानदाराला विचारा, बरेच जण गोळा करून एकत्र पाठवतात. सोबत जुनी हार्ड डिस्क देणार असाल तर नुसती फॉरमॅट करू नका, पूर्ण पुसून घ्या किंवा प्लेटला भोक पाडून द्या.